वाघोबाच्या सुरीची मूठ

१

"ही सुरी आपली न्हाई!"

गेणूबाबांची आरोळी वरून आली, तेव्हा आम्ही बायका खाली जांभळीखाली नाचणीची खीर ढवळत होतो. वाघबारस म्हणजे हिरडेवाडीचा वर्षातला मोठा दिवस. डोंगराच्या सोंडेवर वाघोबाचं ठाणं आहे. तिथं पुरुषांनी जायचं, ढोल बडवायचा, कोहळा कापायचा, गुरंढोरं सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालायचं. बायकांनी खाली थांबायचं. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं मी याच वाडीतली बिबट्यानं फाडलेली गुरं टाके घालून उभी केली, पण मी बाई, म्हणून मीही खालीच. दरवर्षी हे मला खटकतं आणि दरवर्षी मी खीर ढवळते.

ढोल थांबला. मागोमाग गलका झाला. माझ्या शेजारी गेणूबाबांची नात तेजस्विनी उभी होती, तिच्या हातातला डाव खिरीत बुडाला. आम्ही वर पाहत राहिलो. थोड्या वेळानं गेणूबाबा एकटेच खाली आले. सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा माणूस, पण तेव्हा पायवाटेवर दोनदा अडखळला. हातात लाल फडक्यात गुंडाळलेली सुरी होती.

ही सुरी त्यांच्या घराण्याकडे तीन पिढ्या आहे. पातं वीतभर लांब, मूठ सांबराच्या शिंगाची. आजोबांना ते शिंग जंगलात झडून पडलेलं सापडलं, अशी कथा सांगतात. सुरीला मानकऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हातारपणी या माणसाकडे दुसरं काही नव्हतंच. पोरगा-सून मोशीला कंपनीत, बायको कधीच गेलेली. होता तो हा सुरीचा मान आणि नात.

"कुणीतरी बदलली, डाक्टरीणबाई," ते मला म्हणाले. "देवाची सुरी चोरली."

मागून त्यांचा चुलतभाऊ रामनाथ आला. तो वाडीतला लिहिता-वाचता माणूस, आणि सुरीचा मान आपल्या घराकडं यावा म्हणून गेली वीस वर्षं टपून बसलेला. पण त्या दिवशी त्याच्या तोंडात साखर होती. "दादा, रडून काय व्हनार? तक्रार द्या. मी लिवून देतो."

आणि त्यानं लिहून दिली. संध्याकाळच्या आत गेणूबाबांचा अंगठा उमटवून अर्ज घोडेगावला पोलिसांकडे पोहोचला सुद्धा. त्यात रामनाथनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या घरी तीन पिढ्यांपासून असलेली, अस्सल सांबरशिंगाची मूठ असलेली सुरी चोरीस गेली आहे.'

मी अर्जाची नक्कल वाचली आणि कपाळावर हात मारला. सांबराचं शिंग घरात ठेवणं हाच गुन्हा, मग ते झडलेलं का असेना. चोर सापडावा म्हणून म्हाताऱ्यानं जो कागद दिला, तो त्याचा स्वतःचाच कबुलीजबाब होता.

२

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी गेणूबाबांच्या घरी गेले. शिंगाचं नाव वाचून पोलिसांनी अर्ज वनखात्याकडे दिला होता आणि वनपाल सोमवारी चौकशीला येणार, असा निरोप आलेला. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते.

म्हातारा ओट्यावर बसला होता. आत तेजस्विनी चहा करत होती. पोरगी लहानपणापासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली, आता घोडेगावला वनखात्याच्या ऑफिसात कंत्राटी टायपिस्ट. शनिवार-रविवार घरी येते. तिला सतत काहीतरी विचारायचं असतं. बिबट्याचे दात किती, साप कात का टाकतो, श्रावणात तर आपल्या जुन्या शाळेच्या प्रदर्शनाला सांगाडा मांडायचा म्हणून माझं डोकं खाल्लेलं. आज मात्र गप्प होती.

"बाबा, आता सरळ सांगते," मी म्हणाले. "मूठ अस्सल होती म्हणालात, तर सांबराचं शिंग बाळगलं म्हणून आत जाल. अस्सल नव्हती म्हणालात, तर वाडी म्हणणार, गेणूनंच विकली आणि आता बोंब मारतोय."

"म्हनतायतच की. सकाळपून दोघं बोलून गेले." म्हाताऱ्याचा आवाज बसला होता. "तुरुंगात जातो. पन चोर न्हाई मी. चोर शोधून द्या, मग खुशाल न्या म्हनावं मला."

आत कपबशी वाजली. मी सुरी मागितली. ती माझ्या हातात द्यायला ते क्षणभर कचरले, मग म्हणाले, "आता ती देवाची ऱ्हायलीच कुठं?"

मी सुरी उजेडात धरली. मुठीला शिंगासारखे खाचखळगे होते, खाचांत तपकिरी रंग, उंचवट्यांवर पिवळट पांढरा. लांबून कुणीही फसावं अशी. ओट्यावर जमलेल्यांपैकी एकानं लगेच शहाणपण काढलं, "सुई तापवून लावा. पलास्टिक आसंल तर वितळंल."

लावली. वितळली नाही. जळक्या हाडाचा वास आला.

"म्हंजी अस्सल हाय!" तो ओरडला. "म्हातारं खोटं बोलतंय."

लोकांचं हे असं असतं. प्लास्टिक नाही म्हणजे शिंगच. मी मुठीच्या टोकाची पितळी टोपी सुरीच्या फडक्यात धरून पिळली. ती सैल निघाली. आत लाख भरलेली होती. थोडी कोरली, तर खाली सरळ पोकळी. सांबराचं शिंग आतून पोकळ नसतं. ते भरीव आणि मधोमध जाळीदार असतं, शिळ्या पावासारखं. पोकळी असते ती नडगीच्या हाडात, मज्जेची. बोट ओलं करून मी मूठ पुसली, तर पांढऱ्या भागावर केसाएवढ्या काळ्या रेघा दिसल्या. हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा त्या. नोकरीत हजारदा पाहिलेल्या.

"हे म्हशीचं हाड आहे," मी म्हणाले. देवाच्या सुरीला मेल्या जनावराचं हाड म्हटल्यावर ओटा एकदम रिकामा झाला.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. मूठ जिथं पात्याला भिडते तिथं लोखंडावर निळसर काळी किनार आली होती, गंजाची नव्हे, शाईसारखी. आणि मुठीच्या डाव्या अंगाला अंगठा टेकायला एक उथळ खळगी होती, कानशीनं घासून गुळगुळीत केलेली.

"ही खळगी?"

"आपल्या सुरीला व्हती आशी. आज्याच्या, बापाच्या, माज्या अंगठ्यानं झिजून पडल्याली. आमी समदे डावरे."

"आणि पातं?"

त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं. मग दचकून माझ्याकडे पाहिलं. "पातं आपलंच हाय."

"मग हाताला तर सारखीच लागतेय. ठाण्यावर तुम्हाला कळलं कसं?"

गेणूबाबांनी मान फिरवली. "त्ये बायांना सांगायचं नसतंय."

३

राग गिळून मी बहिरू लोहाराकडे गेले. दसऱ्याला सुरीला धार त्यानंच लावलेली. त्याला पाहताच कळलं की याला घाम फुटलाय.

"बाई, आईच्यान सांगतो, दसऱ्याला मूठ खरी व्हती. मी काय आज वळखतो का तिला? धार लावली, त्याच दिवशी दादांच्या हातात दिली." भाता थांबवून तो जवळ आला. "माजं नाव नका घेऊ. शिंगाला हात लावला म्हून मला बी नेतील."

"तुझ्याइतकी बेमालूम मूठ बसवणारा इथं दुसरा कोण आहे?"

"बेमालूम?" तो चिडला. धंद्यावर बोट ठेवलं की भित्रा माणूसही ताठ होतो. "आवो, म्या पोकळ हाड घातलं आसतं व्हय? मला काय म्हाईत न्हाई, उंबऱ्यावर..." आणि तो थांबला.

"उंबऱ्यावर काय?"

"कायी न्हाई."

"बहिरू, सोमवारी वनपाल येणार. पहिलं नाव लोहाराचंच निघेल. बोल."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग हलक्या आवाजात सांगितलं. कोहळा कापण्याआधी मानकरी सुरी उलटी धरतो आणि मुठीचं टोक देवाच्या दगडी उंबऱ्यावर तीनदा ठोकतो. वाघोबाला जागं करायचं. तो आवाज बायांच्या कानावर पडू नये म्हणून तर ढोल. खरी मूठ वाजते ती भरीव, दगडावर दगड टेकावा तशी. काल मूठ पोकळ वाजली. पुढं उभ्या असलेल्या पाच-सहा जणांनी ऐकलं.

"वाडीतल्या समद्या बाप्यांना ठावं हाय ह्ये. पंधरावं वरीस लागलं की पोराला वर नेत्यात. बाईला मातर कुनी सांगत न्हाई. आता मीच सांगून बसलो, देवा." त्यानं कानाला हात लावला.

मी त्याला शब्द दिला, की हे कुठं बोलणार नाही. आता लिहितेय, म्हणजे शब्द मोडलाच. बहिरूनं पुढं जे केलं ते पाहता मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मागच्या दारी रामनाथ कुंपणाशी उभाच होता. "बाई, कशाला कोळसा उगाळताय? दादांनी इकली आसंल. म्हातारपणी बुद्धी फिरती मानसाची. मान आता आमच्याकडं येतोय, तुमी फराळाला या."

"तक्रारीत 'अस्सल सांबरशिंग' तुम्ही मुद्दाम लिहिलंत."

"खरं त्येच लिवलं," तो हसला. "खरं लिवनं गुन्हा हाय का?"

मी त्याला विचारलं, की मानासाठी सुरी पळवावीशी वाटली नाही का. तो गंभीर झाला. "मला सुरी पायजे हाय बाई, सगळीच्या सगळी, माज्या देव्हाऱ्यात. मोडून काय करू?" हा माणूस मला आवडत नाही, पण तेवढं तो खरं बोलला, असं मला वाटलं.

४

रविवारी सकाळी मी जीपनं डिंगोऱ्याला गेले. तिथं सुभाषचं पर्यटकांसाठी 'गावरान' राहण्याजेवणाचं ठिकाण आहे. उन्हाळ्यात त्यानं गेणूबाबांकडे सुरी मागितली होती आणि म्हाताऱ्यानं त्याला ओट्यावरून हाकललं होतं.

भिंतीवर सांबराची मुंडकी, ढाली, तलवारी, कंदील. पर्यटकांना जंगलात आल्यासारखं वाटावं म्हणून.

"या मॅडम. घाबरू नका, सगळं फायबर हाय," सुभाष म्हणाला. "खरं लावलं तर दुसऱ्या दिवशी आत. एवढं कळतं मला."

टेबलावर शिंगाच्या मुठीच्या दोन सुऱ्या होत्या. मी दोन्ही उचलल्या. एकीवर मधोमध गाठ होती आणि गाठीखाली इंग्रजी एससारखी वळलेली खाच. दुसरीवरही तीच गाठ, तीच खाच, त्याच जागी. बाजूला बारीक सांध्याची रेघ.

"राव, दोन सांबरांची शिंगं कधी सारखी नसतात. एकाच सांबराची दोन बाजूंची सुद्धा नसतात," मी म्हणाले.

"पावण्यांना कुठं कळतंय?" तो खदखदून हसला. "त्यांना खरी दाखवली तर म्हणतील, ही खोटी दिसते. डझनानं येतात या. हवी तर घेऊन जा एक."

"मग गेणूबाबांची खरी मूठ कशाला मागत होतास?"

"मूठ कोण मागतंय? मला पातं पाहिजे होतं. जुन्या घडणीचं पातं हाय ते, असं लोखंड आता मिळत न्हाई. मूठ मी कायद्याच्या भीतीनं पयली काढून फेकली असती आणि ही प्लास्टिकची बसवली असती."

परतीच्या जीपमध्ये मी हे वाक्य घोळवत बसले. सुभाषला पातं हवं होतं, आणि पातं तर जागेवरच आहे. रामनाथला सुरी अख्खी हवी होती. विकणाऱ्यानंही अख्खीच विकली असती. मग देवाचं पातं जिथल्या तिथं ठेवून नुसती मूठ कुणाला नको होती?

नको होती. मी जीपमध्ये मोठ्यानं म्हणाले, आणि शेजारची बाई बाजूला सरकली.

५

घरी आले, हातपाय धुवायला न्हाणीत गेले, तर समोर माझी लोखंडी कढई. केस रंगवायला तिच्यात मी हिरड्याची पूड भिजत घालते. रात्रभरात पाणी शाईसारखं निळंकाळं होतं आणि कढईच्या कडेला काळी किनार येते. मी ती किनार बघत ओल्या पायांनी तशीच उभी राहिले.

हाडाचा तपकिरी रंग बाजारचा नव्हता, हिरड्याचा होता. काढा लोखंडाला लागला आणि पातं काळं पडलं. म्हणजे मूठ बनवणारा डोंगरातलाच. हिरडा आमच्या प्रत्येक घरात पोत्यानं असतो. सुभाषला त्याऐवजी बाजारातली डबी सुचली असती.

डोंगरातला माणूस, पण ज्याला उंबऱ्यावरची ठोक माहीत नाही. माहीत असती, तर त्यानं पोकळ हाड वापरलंच नसतं. वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला ती माहीत आहे. म्हणजे बाई.

अशी बाई, जिला पातं पवित्र वाटतं आणि मूठ धोक्याची. जिच्या हाताखालून अशा गुन्ह्यांचे कागद जातात. आणि जिला म्हाताऱ्याचा अंगठा सुरीवर कुठं टेकतो, हे इतकं नेमकं ठाऊक आहे, की तिनं त्याच्यासाठी खळगी कोरली. चोराला अंगठ्याची काय काळजी?

आणि श्रावणात मला विचारलेलं, 'मॅडम, हाडाचा तेलकटपणा कशानं जातो?' मीच सांगितलं होतं, धुण्याच्या सोड्यात उकळ.

मी तशीच हिरडेवाडीला गेले. तेजस्विनी ओढ्यावर कपडे धूत होती. मी शेजारच्या दगडावर बसले.

"सोड्यात किती वेळ उकळलंस?"

तिनं हातातला कपडा सोडला. तो वाहत जाऊन मुळाला अडकला, तरी ती उठली नाही.

"दोन तास," ती म्हणाली. "मॅडम, ज्येष्ठात एक केस टाइप केली मी. आजोबांच्याच वयाचा माणूस. माळ्यावर जुनं शिंग सापडलं त्याच्या. मला पंचनामा टाइप करायला लावला, आणि तो समोर बाकड्यावर बसून मला विचारत होता, पोरी, घरी कधी सोडतील? मी घरी येऊन आजोबांच्या पाया पडले, की ती मूठ ऑफिसात जमा करा. म्हणाले, देवाचं देवाला विचार. मग मी..." तिला हुंदका आला. "मोबाईलवर बघून बघून केली. कानशीनं घासून बोटं सोलली माझी. दसऱ्यानंतर बदलली. आजोबांना कळणारच नाही असं वाटलं होतं. पातं मी नाही बदललं, मॅडम. पातं देवाचं आहे."

"कळलं कसं, माहितीय तुला?"

"नाही. कसं?"

मी सांगितलं. चोवीस वर्षांत तिला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि एवढ्याशा गोष्टीवर तिच्या आजोबाचं आयुष्य अडलं होतं. मला त्या ढोलाचा मनस्वी संताप आला.

"खरी मूठ कुठाय?"

"वरच्या राईत ठेवली. जंगलाचं जंगलाला."

आम्ही दोघी राईत गेलो. अंजनीच्या बुंध्याशी तिनं पानं बाजूला केली. तिथं पांढरट भुगा होता आणि करंगळीएवढा एक तुकडा, त्यावर दातांचे चर. साळिंदराला शिंग मिळालं तर ते सोडत नाही. तीन पिढ्यांच्या अंगठ्यांची खूण त्याच्या पोटात गेली होती.

"मी उद्या साहेबांना सगळं सांगते," तेजस्विनी म्हणाली.

"सांग. नोकरी जाईल, पुरावा नाहीसा केला म्हणून तू आत, आणि शिंग बाळगलं म्हणून ते आत. एकाच गाडीतून जाल," मी म्हणाले. मी हे फार कडू बोलले, पण खोटं बोलले नाही.

६

सोमवारी सकाळी वनपाल यायच्या आधी मी गेणूबाबांना गाठलं. सुरी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"चोर सापडला?"

"चोर नव्हताच, बाबा. ज्यानं हे केलं त्याला तुम्ही तुरुंगात नको होता. नाव मी सांगणार नाही. अंगठा ठेवून बघा."

त्यांनी डाव्या हातात सुरी घेतली. अंगठा आपसूक खळगीत जाऊन बसला. त्यांनी तो काढला, पुन्हा ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"माज्या देवाला फसवलं तिनं," ते म्हणाले. आवाजात रडं नव्हतं, राग होता.

समाजमंदिरात सगळी वाडी जमली होती. वनपाल पोरसवदा, सभ्य माणूस. त्यानं अर्ज वाचून दाखवला, लायटरवर सुई तापवली आणि मुठीला टेकवली.

"वितळत नाही. वासही हाडाचा. बाबा, मला तर ही अस्सल शिंगाचीच वाटतेय. चोरी झालीच नाही, असं दिसतंय. सुरी जप्त करावी लागेल, आणि तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

तेजस्विनी भिंतीपासून पुढं सरकली. तिच्या आधी मी उभी राहिले.

"साहेब, मी सरकारी पशुवैद्य होते. हे शिंग नाही." टोपी काढली, पोकळी दाखवली, रेघा दाखवल्या. "म्हशीच्या पायाचं हाड आहे. लेखी देते."

समाजमंदिरात कुजबुज पसरली. शनिवारी ओट्यावरून गेलेल्यांनी ही गोष्ट दबक्या आवाजात ठेवली होती. आता ती उघड्यावर पडली. माझ्या तोंडून प्रत्येक शब्द खरा निघत होता आणि प्रत्येक शब्दानं गेणूबाबांची इज्जत जात होती. मला ते दिसत होतं. थांबता येत नव्हतं.

"मग अर्जातली खरी मूठ कुठं आहे?" वनपालानं विचारलं.

गेणूबाबा उठले. "खरी नव्हतीच, सायेब. पयल्यापून हीच. मला कानानं कमी ऐकू येतंय. आवाज येगळा वाटला, म्हून वराडलो. आर्ज दुसऱ्यानं लिवला, मला वाचता येत न्हाई."

"नक्की? तीन पिढ्या हीच?"

"हीच."

वनपालानं सगळ्यांकडे नजर फिरवली. "कुणाला काही सांगायचंय?"

दर दसऱ्याला खरी मूठ हाताळणारा बहिरू लोहार पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. ठाण्यावर पोकळ आवाज ऐकलेले पाच-सहा जण छताकडे बघत होते. बोलावं तर आपणही शिंगाचे साक्षीदार.

वनपालाची सुटका झाल्यासारखी दिसली. त्यानं माझा जबाब घेतला, अर्जावर शेरा मारला आणि सुरी परत देऊन तो निघून गेला. गाडीची धूळ खाली बसायच्या आत रामनाथ उभा राहिला.

"म्हंजी तीन पिढ्या या घराण्यानं वाघोबाच्या उंबऱ्याला मेल्याल्या म्हशीचं हाड लावलं! आन आमी नारळ फोडत व्हतो!"

गेणूबाबांनी मान वर केली नाही. तेजस्विनी काहीतरी बोलायला गेली, तर त्यांनी तिच्याकडे न बघता हात वर केला. ती थांबली. मग त्यांनी पातं पिळून मुठीतून उपसलं, फडक्यात गुंडाळलं, रामनाथच्या पायाशी ठेवलं आणि मूठ कोपरीच्या खिशात घालून ते बाहेर पडले.

७

या वर्षी वाघबारशीला मी खीर ढवळायला गेले नाही. पण उत्सव झाल्यावर रामनाथनं आग्रहानं घरी बोलावलं, सुरी दाखवायला.

"बगा बाई, आता कशी देवाला शोभती. अस्सल सांबरशिंग हाय, पन कागद केल्यालं, कायदेशीर. लई खटपट करून मिळवलं. आन," तो हळूच कानाशी म्हणाला, "तुमाला ठावंच हाय म्हून सांगतो, ठोकल्यावर आवाज बी भरीव!"

मधोमध गाठ होती. गाठीखाली इंग्रजी एससारखी वळलेली खाच. बाजूला सांध्याची रेघ, तिच्यावर शेंदूर फासलेला. डिंगोऱ्याच्या टेबलावर मी ती दोनदा पाहिली होती. जमलेली वाडी हात जोडून उभी होती. एक म्हातारी म्हणाली, "ह्येच खरं शिंग. दिसतंयच की."

मी काही बोलले नाही. एकदा खरं बोलून झालं होतं.

तिथून गेणूबाबांकडे गेले. वाळीत टाकलं असं कुणी म्हणत नाही, पण त्यांच्या ओट्यावर आता कुणी बसत नाही. तेजस्विनी वर्षभर घरी आलेली नाही. दर महिन्याला पैसे आणि औषधं माझ्याकडे देऊन जाते, आणि विचारते, "काही म्हणाले का?" मी नाही म्हणते. पहिले सहा महिने ते खरंच होतं. तिचं नाव काढलं की म्हातारा उठून गोठ्यात जायचा.

आज ते ओट्यावर बसले होते. डाव्या हातात ती मूठ, पात्यावाचून, म्हशीच्या हाडाची. हिरड्याचा रंग त्यांच्या हाताच्या घामानं उडत चालला होता. अंगठा खळगीत बसलेला.

मी औषधं ठेवली. "तेजू बाहेर रस्त्यावर उभी आहे, बाबा. बोलवू?"

ते मुठीकडे बघत राहिले. अंगठा खळगीत हळूहळू मागंपुढं फिरत होता.

"लई बराबर काढलीया पोरीनं," ते म्हणाले. "आज्यागत बसतुया अंगठा." मग मूठ खिशात टाकून ते उठले आणि गोठ्याकडे वळले. "तिला सांगू नका."

मी रस्त्यावर आले. तेजस्विनीनं विचारलं, "काही म्हणाले का?"

"नाही," मी म्हणाले.